बंदी आहे म्हणून सूचना नाही, हे आम्हाला मान्य नाही

प्रति,
सांगली जिल्ह्यात आरोग्य, पोलीस आणि घनकचरा व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी

विषय : व्हेपमधला (म्हणजे ई-सिगारेटमधला) निकोटीनचा द्रव अंगावर सांडल्यास काय करावे, याची मराठीत सूचना काढण्याबाबत

महोदय, महोदया,

"ई-सिगारेटवर बंदी आहे. बंदी असलेली वस्तू कशी हाताळायची, याची सूचना आम्ही सरकारी कागदावर कशी काढणार?" गेल्या महिन्यात एका कार्यालयात मला हे उत्तर मिळाले. उत्तर देणारे साहेब उर्मट नव्हते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले आणि अर्ज परत केला. त्या कार्यालयाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण एका माणसाला धारेवर धरून हा प्रश्न सुटणारा नाही. पण ते उत्तर मला पटलेले नाही आणि ते ऐकून गप्प बसणे मला जमणार नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला आणि तुमच्याबरोबर सगळ्या जिल्ह्याला.

मी विश्रामबाग भागात औषधांचे दुकान चालवतो. माझी वहिनी कचरा उचलणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला आहे. खासगी वसतिगृहे, मेस, मुलांना भाड्याने दिलेल्या खोल्या अशा ठिकाणचा कचरा गाडीतून आणायचा आणि शेडमध्ये बसून त्यातले प्लास्टिक, पुठ्ठा, भंगार वेगळे करायचे, हे तिचे काम. उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की मुले खोल्या रिकाम्या करतात आणि त्या आठवड्यात पिशव्या दुप्पट येतात. तशाच एका पिशवीत वह्या, तुटक्या चपला आणि डिओच्या डब्यांबरोबर व्हेपची काही उपकरणे होती आणि एक छोटी प्लास्टिकची बाटली. बाटलीवरचे लेबल खरवडून काढलेले, टोपण तडकलेले. वहिनीच्या हातात ती दाबली गेली आणि तेलासारखा चिकट द्रव तिच्या उजव्या हातमोज्यात उतरला. हातमोजा सुती, विणलेला, बांधकामावर देतात तसला. तो द्रव त्याने शोषून घेतला आणि तळव्याशी धरून ठेवला. वास पिकलेल्या आंब्याचा, त्यामुळे कुणाला काही वावगे वाटले नाही. तिने हात पदराला पुसला आणि काम चालू ठेवले.

तासाभराने शेडमधल्या बाईंनी मला फोन लावून दिला. "भावजी, तोंडाला सारखं पाणी सुटतंय, डोकं गरगरतंय," एवढेच वहिनी बोलू शकली. मी पोहोचलो तेव्हा ती पांढरीफटक पडली होती, घामाने डबडबली होती, उलट्या चालू होत्या. ज्या दवाखान्यात नेले तिथे ऊन लागले असेल असे म्हणून सलाईन लावले. मे महिन्यातल्या सांगलीत तो अंदाज कुणीही केला असता. हातमोजा तिने काढला होता, पण हात नुसता पाण्याखाली धरला होता, साबण नव्हता. साडी तीच होती. खाटेशेजारी उभा असताना मला त्या पदराचा आंब्याचा वास आला, तेव्हा कुठे शेडमधल्या बाईंकडून बाटलीची गोष्ट बाहेर आली. सिस्टरना विनंती करून साडी बदलायला लावली, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायला लावला. संध्याकाळपर्यंत ती बोलायला लागली, रात्री घरी आली. रक्त किंवा लघवी निकोटीनसाठी कुणी तपासली नाही. केसपेपरवर "उष्माघात?" असे लिहिले आहे, प्रश्नचिन्हासकट. निकोटीनचा उल्लेखही नाही.

मला कुणाला घाबरवायचे नाही. रोज औषधे विकणारा माणूस आहे, मात्रेचे महत्त्व मला कळते. व्हेपच्या द्रवाचे दोन-चार थेंब बोटावर पडले आणि लगेच साबणाने धुतले, तर निरोगी मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. त्वचा हे चांगले कवच आहे. पण निकोटीन त्या कवचातून आत जाणाऱ्या पदार्थांपैकी आहे, आणि याला दुसरा पुरावा शोधायला नको. सिगारेट सोडवण्यासाठी आम्ही निकोटीनचे पॅच विकतो. दंडावर चिकटवायची ती पट्टी दिवसभरात ७, १४ किंवा २१ मिलिग्रॅम निकोटीन त्वचेवाटे शरीरात सोडते. सर्वांत मोठी पट्टी २१ मिलिग्रॅमची. आता व्हेपकडे पाहा. उपकरणावर ५ टक्के लिहिलेले असते तेव्हा एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटीन असते. घरी पातळ करून वापरायचा जो मूळ द्रव मिळतो, तो १०० मिलिग्रॅमचाही असू शकतो. सांडलेले सगळे निकोटीन अंगात जात नाही, हे खरे. किती जाईल हे द्रव किती तीव्र आहे, किती अंगावर पसरला, किती वेळ तसाच राहिला आणि त्वचेवर कापले-खरचटले आहे का, यावर ठरते. म्हणून धुतलेल्या बोटाचा धोका नगण्य आणि भिजलेल्या हातमोज्यात तासभर कोंडलेल्या हाताचा धोका खरा. काचा, पत्रे वेचणाऱ्या हातांवर चिरा तर रोजच्याच असतात.

कपड्यांची गोष्ट तर वैद्यकशास्त्राला नव्वद वर्षांपूर्वीच कळली होती. १९३३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका फूलविक्रेत्याची हकीकत छापून आली. ४० टक्के निकोटीन असलेल्या कीटकनाशकाने त्याची पँट भिजली आणि थोड्याच वेळात त्याला मळमळ, घाम, अशक्तपणा सुरू झाला. रुग्णालयात तो बरा झाला. घरी जाताना त्याने तीच न धुतलेली पँट चढवली आणि पुन्हा आजारी पडला. वहिनीच्या अंगावर ती साडी दवाखान्यातही होती, हे आठवले की मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

आणि आपल्या भागाला हे सांगायची वेळ यावी याचे मला जास्त वाईट वाटते. कृष्णाकाठापासून निपाणीपर्यंतचा पट्टा तंबाखूचा. सकाळच्या दवात भिजलेली तंबाखूची पाने खुडणाऱ्या माणसांना चक्कर येते, उलट्या होतात, कारण पानातले निकोटीन दवात उतरते आणि ओल्या कपड्यांतून, त्वचेतून अंगात जाते. डॉक्टरी पुस्तकात या आजाराला वेगळे नाव आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका "तंबाखू लागली" म्हणतात आणि आंघोळ करून कपडे बदलायला पाठवतात. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या भागातल्या द्राक्षबागायतदाराला विचारा, फवारणी करून आल्यावर घरात जाण्याआधी काय करायचे. तो कपडे वेगळे टाकतो, साबणाने अंघोळ करतो, मग जेवायला बसतो. बागेत मारली जाणारी इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे निकोटीनच्याच धर्तीवर बनवलेली आहेत. निकोटीन सल्फेट हे खुद्द निकोटीनचे कीटकनाशक आपल्या देशात वापरायला कधीच मनाई झाली आहे. म्हणजे शेतात जे शहाणपण आहे, तेच शहरातल्या कचऱ्याच्या शेडमध्ये पोहोचवायचे आहे. एवढेही आपल्याकडून होऊ नये?

आता तक्रारी सांगतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार त्या उत्तराबद्दलच आहे, की बंदी असलेल्या वस्तूबद्दल सूचना काढता येत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, वाटणे, साठवणे, तिची जाहिरात करणे, सगळ्याला मनाई झाली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी या बंदीच्या बाजूने आहे. दुकानात येणारी सोळा-सतरा वर्षांची पोरे मी पाहतो आणि ही बंदी उठावी असे मला कधीच वाटले नाही. पण बंदी असूनही वस्तू येते, हे वसतिगृहाचा कचरा उचलणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या देशांत ती कायद्याने विकली जाते तिथे बाटलीला नियम आहेत. युरोपीय संघात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, टोपण लहान मुलाला उघडता येणार नाही असे लागते, धोक्याची सूचना छापावी लागते. आपल्याकडे चोरून आलेल्या बाटलीवर काय लिहावे हे ठरवणारा कुणी नाही. आत ३ मिलिग्रॅम आहे की १०० हे वास घेऊन कळत नाही. बाटली बोलत नाही, तेव्हा प्रशासनाने बोलायला हवे. बंदीमुळे तुमची ही जबाबदारी वाढली आहे.

आणि बंदी असलेल्या गोष्टीबद्दल सूचना निघत नाहीत हे खरेही नाही. नायलॉन मांजाला बंदी आहे, तरी संक्रांत जवळ आली की दुचाकीवरून जाताना गळ्याला रुमाल बांधा असे आवाहन केले जाते. विषारी हातभट्टीला कुणी परवानगी दिलेली नाही, तरी तिच्यातले मिथेनॉल हे विष पोटात गेलेल्या रुग्णाला काय द्यायचे हे प्रत्येक डॉक्टरला शिकवतात. मग निकोटीनच्या बाबतीतच हात आखडता का?

दुसरी तक्रार हातमोज्यांची. कागदोपत्री कामगाराला सुरक्षा साधने दिली जातात. प्रत्यक्षात जे सुती हातमोजे मिळतात ते काचेच्या ओरखड्यापासून थोडेफार वाचवतात, पण द्रवाच्या बाबतीत उघड्या हातापेक्षा वाईट, कारण उघडा हात निदान पुसला, धुतला तरी जातो. नायट्राइलचे, म्हणजे द्रव न शोषणाऱ्या कृत्रिम रबराचे, हातमोजे माझ्या दुकानातही मिळतात. ते आत घालून वर जाड मोजे घातले की दोन्ही कामे होतात. हा खर्च ठेकेदाराच्या करारात धरता येतो. शेडवर पाण्याचा नळ असतो, साबणाची वडी मात्र बायका घरून आणतात. यापलीकडे या मुद्द्यावर लिहावे असे काही नाही.

तिसरी तक्रार दवाखान्यांबद्दल आहे आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो, कारण डॉक्टर मंडळींबरोबर माझे रोजचे काम आहे. ज्या जिल्ह्यात मिरज आहे, जिथे कर्नाटकातूनही रुग्ण येतात, तिथल्या वैद्यकीय कौशल्याबद्दल मला शंका नाही. इथल्या कॅज्युअल्टीत घाम, लाळ, उलट्या घेऊन शेतकरी आला की पहिला प्रश्न असतो, "फवारणी केली होती का?" तो प्रश्न अनेक वर्षांच्या अनुभवाने तयार झाला आणि त्याने जीव वाचले आहेत. निकोटीनच्या विषबाधेची सुरुवातीची लक्षणे जवळजवळ तशीच असतात: मळमळ, उलटी, तोंडाला सुटणारे पाणी, घाम, फिकेपणा, डोकेदुखी, धडधड. प्रमाण जास्त असेल तर नंतर अंगातले त्राण जाते, नाडी आणि रक्तदाब उतरतो, झटके येतात, श्वास अडकतो. यावर नेमका उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात, म्हणून अंगावरचे विष लवकर धुऊन काढण्याला सगळ्यात जास्त महत्त्व. शहरातून आलेल्या रुग्णाला फवारणीच्या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न विचारावा: "व्हेप किंवा त्याचे लिक्विड हाताळले होते का?" एका ओळीच्या परिपत्रकाचे काम आहे.

चौथी तक्रार लहान मुलांबद्दल. वेचलेल्या भंगारातली रंगीत, चमकदार, गोड वासाची वस्तू घरी जाते आणि पोराच्या हातात खेळणे म्हणून पडते. अमेरिकेतल्या विष-माहिती केंद्रांना ई-सिगारेटबद्दल सप्टेंबर २०१० मध्ये महिन्याला एक फोन येत होता, फेब्रुवारी २०१४ मध्ये तो आकडा २१५ वर गेला आणि त्यातली निम्म्याहून जास्त प्रकरणे पाच वर्षांखालच्या मुलांची होती. बहुतेकांनी द्रव गिळला होता, पण काहींच्या डोळ्यांत किंवा त्वचेवरही गेला होता. त्यानंतर तिथे लहान मुलांना न उघडणाऱ्या बाटलीची सक्ती करणारा कायदा आला. मोठ्या माणसाला नुसती चक्कर आणणारे प्रमाण दहा किलोच्या मुलाला जिवावर बेतू शकते.

पोलिसांबद्दल एकच सांगायचे आहे. छाप्यात मिळालेला माल मोजून पंचनामा करणारा हवालदार उघड्या हाताने मोजतो. मुद्देमालाच्या खोलीत तो खटला संपेपर्यंत पडून राहतो, उन्हाळ्यात तापतो, गळतो. त्या खोलीत काम करणाऱ्यांनाही घरदार आहे. शिवाय या उपकरणांत लिथियमची बॅटरी असते, चेपली तर पेट घेते, म्हणून ती कचऱ्याच्या गाडीत दाबली जाणेही धोक्याचे.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक पानाची सूचना मराठीत काढा आणि ती प्रत्येक घंटागाडीवर, कचऱ्याच्या प्रत्येक शेडमध्ये, वसतिगृहात, पोलीस ठाण्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लावा. तिच्यात एवढेच असावे: द्रव अंगाला लागला तर भिजलेला हातमोजा, कपडे, बांगड्या, अंगठी ताबडतोब काढा. वाहत्या गार किंवा कोमट पाण्याखाली भरपूर साबण लावून धुवा. कढत पाणी नको, घासणीने घासू नका, सॅनिटायझर चोळू नका, त्याने निकोटीन निघून जात नाही. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवत राहा. पोटात गेले तर घरच्या घरी उलटी काढायला लावू नका. भिजलेले कपडे धुतल्याशिवाय पुन्हा घालू नका. मळमळ, चक्कर, घाम सुरू झाला तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना द्रवाबद्दल स्वतःहून सांगा, जमल्यास बाटली पिशवीत बांधून दाखवायला न्या. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक मोठ्या अक्षरांत छापा. तो डॉक्टरांनाही उपयोगी आहे.

कचरा वेचणाऱ्या प्रत्येक कामगाराला, मग तो कायम असो, ठेक्यावरचा असो की स्वतःच्या जिवावर वेचणारा असो, द्रव न शोषणारे हातमोजे, शेडवर साबण आणि बदलायला एक जोड कपडे मिळाले पाहिजेत. ठेक्याच्या पुढच्या करारात ही अट घाला आणि मुकादमाच्या सहीवर न थांबता अधूनमधून स्वतः शेडवर येऊन बघा.

वसतिगृहे आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांना झाकणाची वेगळी पेटी ठेवायला सांगा, ज्यात अशी उपकरणे आणि बाटल्या टाकता येतील. टाकणाऱ्याचे नाव विचारू नका. नाव विचारले की ती वस्तू पुन्हा काळ्या पिशवीत जाणार आणि कुणाच्या तरी वहिनीच्या हातात फुटणार. विकणाऱ्यांना जरूर पकडा, त्यात कसूर नको. ३१ मेला तंबाखूविरोधी शपथ आणि फेरी होते, तिच्यात या द्रवाबद्दल पाच मिनिटे राखून ठेवा.

आरोग्य विभागाने कॅज्युअल्टी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना, सिस्टरना आणि आशाताईंना लक्षणांबद्दल लेखी कळवावे आणि अशा रुग्णांची वेगळी नोंद ठेवावी. नोंद नाही म्हणून प्रकरण नाही आणि प्रकरण नाही म्हणून सूचना नाही, या चक्रातून बाहेर पडायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. पोलिसांनी जप्त माल बंद, न गळणाऱ्या डब्यात ठेवावा आणि न्यायालयाच्या परवानगीने तो लवकर आणि शास्त्रशुद्ध रीतीने नष्ट करावा.

यातल्या कुठल्याच मागणीसाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही.

वहिनी पुन्हा कामावर जाते आहे. तिच्यासाठी नायट्राइलचे हातमोजे मी देतो, तिच्या शेडमधल्या बाकीच्या बायकांनाही देतो आणि ते पुढेही देत राहीन. पण जिल्ह्यातल्या सगळ्या शेडना एक दुकानदार पुरणार नाही, ते काम तुमचे आहे. सूचनेचा मसुदा मी तयार केला आहे, तो या पत्राच्या प्रतीबरोबर तुमच्या तिन्ही विभागांच्या आवक कक्षात देत आहे. त्यात वैद्यकीय दृष्टीने काही दुरुस्ती हवी असेल तर जरूर करा. हे होणार असेल तर कोणत्या तारखेपर्यंत आणि होणार नसेल तर कोणत्या कारणाने, हे मला लेखी कळवा. तुमचे उत्तर मी हे पत्र जिथे छापले आहे तिथेच, जसेच्या तसे छापेन.

आपला,
विश्रामबाग, सांगली येथील एक औषधविक्रेता